लेफ्टनंटच्या बापाची बाजू

गुरुनाथ सबनीस यांना कुणी वाईट माणूस म्हटलं तर मी त्याच्या अंगावर धावून जाईन. तो हक्क माझा एकटीचा आहे. इथं अमेरिकेत, हर्नडनमध्ये, सव्वीस वर्षं आम्ही भिंतीला भिंत लावून राहतोय. टाउनहाउसं असली की त्यांच्याकडे मिक्सर फिरला तर आमचं घड्याळ थरथरतं. त्यांची बायको सुनेत्रा माझी मैत्रीण. मी नागपूरहून नवी नवरी होऊन पातळ स्वेटरवर इथं उतरले, तेव्हा विमानतळावर स्वतःचा जादा कोट घेऊन उभी होती ती. ओळख ना पाळख. यापेक्षा जास्त काय सांगू?

गुरुनाथरावांनी काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, ऑफिसात तीस वर्षं रस्त्यांचे आणि गटारांचे नकाशे काढले. सगळे हातानं. पुढे कॉम्प्युटर आले तरी नकाशावरची अक्षरं हेच लिहीत, कारण साहेबालाच ती आवडत. त्यांचे वडील साताऱ्याला कोर्टात कारकून होते. त्यांनी पोराच्या बोटांवर पट्ट्या मारून मारून अक्षर वळणावर आणलं होतं. इंग्रजीचं जुनं तिरकं वळणसुद्धा, शाईचा टाक घेऊन. माणूस तसा अबोल. कुणाच्या वाढदिवसाच्या कार्डावरही खाली ‘रिगार्ड्स’ लिहून सही ठोकणार. पण समोर अक्षर ठेवा, की गडी खुलला. हा डावखुरा, हा घाईत होता, हिनं लिहिताना रडून घेतलंय, असं सगळं सांगायचे.

दोन हजार तीनमध्ये रिटायर झाले आणि घरात सुनेत्राच्या मागे मागे फिरायला लागले. डाळीचे डबे उंचीप्रमाणे लावून ठेवले तेव्हा ती कावली. गाडीत घातलं आणि गावाबाहेरच्या हिस्टॉरिकल सोसायटीत नेऊन सोडलं. एक जुनं लाकडी घर, आत चार म्हाताऱ्या गोऱ्या बायका आणि खोक्यांतून जुने कागद. त्या बायकांना ते दीडशे वर्षांपूर्वीचं वळण धड लागत नव्हतं. गुरुनाथरावांनी भिंग काढलं आणि वर्तमानपत्र वाचावं तसं घडाघडा वाचून दाखवलं. झालं, दर मंगळवारी आणि गुरुवारी स्वारी तिकडे.

त्यांच्या वाट्याला जे खोकं आलं, त्यात एका लेफ्टनंटची घरी पाठवलेली पत्रं होती. एझ्रा व्हिटकॉम नाव, बावीस वर्षांचा, व्हर्माँटकडचा. इथल्या यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूनं लढायला आलेला आणि इथंच आमच्या व्हर्जिनियाच्या चिखलात रुतलेला. एकूण एक्केचाळीस पत्रं, अठराशे बासष्ट आणि त्रेसष्ट सालची. गुरुनाथरावांनी पत्र वाचून वहीत स्वच्छ उतरवायचं आणि मी शनिवारी ते टाइप करायचं, अशी आमची पद्धत ठरली. मी ऑफिसात सॉफ्टवेअरच्या चुका काढते, म्हणजे मला दुसऱ्यांच्या चुका आयत्याच दिसतात असं सुनेत्रा म्हणायची. ती शेजारी बसून भाजी निवडायची आणि आम्ही टाइप करता करता मोठ्यानं वाचायचो.

पोरगं गोड होतं हो. आईला चार-चार पानं. मोजे टाचेला जाड विण. बिस्किटात अळ्या निघतात, पण कॉफीत बुडवली की त्या वर येतात आणि काढून टाकता येतात. बटालियनचं एक खेचर रोज सकाळी माझीच टोपी खातं. बापाला मात्र चार ओळी, ‘सर’ म्हणून सुरुवात. प्रत्येक पत्राच्या पाठीवर बापानं मिळाल्याची तारीख टाकून ठेवलेली, दुसरा एक शब्द नाही.

“हा बाप ओळखीचा वाटतो,” सुनेत्रा म्हणायची आणि नवऱ्याकडे बघायची.

कारण त्यांचाही एक लेफ्टनंट होता. एकुलता एक मुलगा, निमिष. इथंच जन्मलेला. कॉलेजात आर्मीची स्कॉलरशिप घेतली आणि दोन हजार चारला अधिकारी होऊन बाहेर पडला. आमच्या मंडळाच्या गणपतीत लोक अगदी सुतक असल्यासारखे विचारत, आर्मी? का पण? सुनेत्रा म्हणायची, “त्याला सकाळी लवकर उठता येतं. तुमच्या पोरांना येत नाही.” जून दोन हजार पाचमध्ये तो इराकला गेला. त्याच्या हाताखाली छत्तीस माणसं. जाण्याआधी त्याच्या युनिटकडून एक कागद आला होता: घरात कुणी गंभीर आजारी पडलं तर रेडक्रॉसला फोन करा, ते डॉक्टरकडून खात्री करून घेतात, आणि मग मुलाला तातडीनं घरी पाठवायचं बघतात. सुनेत्रानं तो कागद फ्रिजवर चुंबकाखाली लावला.

ऑगस्टमध्ये तिच्या पोटात दुखायला लागलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर. डॉक्टरनं महिन्यांत सांगितलं, वर्षांत नाही.

मी पहिल्याच दिवशी फ्रिजकडे बोट दाखवलं. गुरुनाथराव म्हणाले, “नको. छत्तीस जणांची जबाबदारी आहे त्याच्यावर. लक्ष इकडे लागलं, तर तिकडे कुणाचा तरी पाय भलतीकडे पडेल.” आणि सुनेत्रानंही मान हलवली. पहिली केमो होऊ दे, मग सांगू, म्हणाली. आपल्यात हे असंच असतं ना. आजारपण लपवायचं, मरण लपवायचं. परीक्षा आहे, कळवू नका. नवीन नोकरी आहे, कळवू नका. गुरुनाथरावांचे वडील वारले ते अठ्ठ्याहत्तर साली, त्यांची इंजिनिअरिंगच्या लायसन्सची परीक्षा तोंडावर होती तेव्हा. तेरावं उरकल्यावर घरच्यांनी पत्र टाकलं. मला हे त्यांनी पूर्वी कितीदा सांगितलं होतं आणि दर वेळी शेवटी म्हणायचे, “बरोबर केलं त्यांनी. मी पास झालो.” सांगताना डोळे मात्र समोरच्याकडे नसायचे.

केमोनं सुनेत्राची बोटं बधिर झाली. की-बोर्डवर बोट कुठं पडतंय ते कळेना. निमिष तर दर दोन-तीन दिवसांनी मेल करायचा तो आईलाच, आणि ती त्याला रोमनमध्ये धेडगुजरी मराठीत शिव्या घालत उत्तर द्यायची. मग ती सांगायची आणि मी टाइप करायची. सप्टेंबरच्या शेवटी ती सांगेनाशी झाली. मॉर्फिनवर दिवसाचे दोन-तीन तासच जागी असायची.

“तू लिही,” गुरुनाथराव मला म्हणाले. “मी लिहिलं तर त्याला कळेल.”

मी लिहिलं. पहिला मेल लिहायला दोन तास लागले. पाचवा दहा मिनिटांत झाला. सांगायला लाज वाटते, पण जमायला लागलं की माणसाला त्याचंही बरं वाटतं.

त्याच सुमारास वहीत तेविसावं पत्र आलं. शनिवारी टाइप करायला बसले आणि अर्ध्यावर थांबले. एझ्राची आई मार्चमध्ये वारली होती आणि बापानं त्याला कळवलंच नव्हतं. पोरगं जूनपर्यंत मेलेल्या आईला पत्रं लिहीत राहिलं. मोजे, अळ्या, खेचर, सगळं. शेवटी गावाकडून आलेल्या एका सैनिकानं चुकून सांगितलं. त्यानं बापाला लिहिलं होतं: सर, मी तिला अकरा पत्रं लिहिली. ती कुणी उघडली? आपण वाचलीत का? मी कशावर हसत होतो ते आपल्याला आता माहीत आहे.

मी खुर्ची मागं ढकलली. “अहो, हे तुम्ही स्वतःच्या हातानं उतरवलंय ना? वाचलंय ना?”

“वाचलं.”

“मग उचला तो फोन!”

“त्या बापाची बाजू तुला कळत नाही, सुमेधा.” त्यांनी भिंग पुसलं, पुन्हा पुसलं. “लढाई तोंडावर होती. पोराचा हात थरथरू नये म्हणून त्यानं ते एकट्यानं गिळलं. मी असतो तर तेच केलं असतं.”

“तुम्ही करताच आहात,” मी म्हटलं. त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. मी तरी काय केलं? खुर्ची पुढे ओढली आणि पत्र पूर्ण टाइप केलं.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात निमिषचा मेल आला. त्याला पंधरा दिवसांची सुट्टी मिळत होती. आता ऑक्टोबरमध्ये नाहीतर एकदम फेब्रुवारीत. त्यानं ऑक्टोबर घेतला होता. पण त्याच्या हाताखालच्या एका पोराला मुलगी झाली होती आणि त्या पोराच्या नशिबी फेब्रुवारी आला होता. निमिषनं लिहिलं होतं, आई, तू सांग. मला खरं तर यायचंय. पण तू हो म्हणालीस तर मी त्याला माझी जागा देतो. तू म्हणशील ते.

मी ते वाचून दाखवलं. गुरुनाथराव खिडकीशी उभे होते. मी म्हटलं, “देवानंच पाठवलंय हे. काही सांगायलाच नको त्याला. नुसतं ‘ये’ म्हणायचं. एकच अक्षर.”

“आला की तिला बघेल,” ते म्हणाले. “ही अशी. केस गेलेले, पिवळी. पंधरा दिवस हे बघून परत त्या रस्त्यांवर गाड्या घेऊन जाईल. शक्य नाही. फेब्रुवारीपर्यंत ती कदाचित सावरेल. नवीन औषध चालू केलंय.”

नवीन औषध दुखणं कमी करायचं होतं, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. मी भांडले का? भांडले. दहा मिनिटं. मग त्यांचा चेहरा बघितला आणि लिहायला बसले. त्यातलं एक वाक्य त्यांनी सांगितलेलं नाही. ते माझं आहे, माझं एकटीचं. सुनेत्रा कशी म्हणाली असती ते मला नेमकं माहीत होतं, म्हणून मी लिहिलं: जाऊ दे रे त्या बाळाच्या बाबाला. मी कुठं पळून जातेय?

त्यानं उत्तरात मोठं हसू पाठवलं आणि जागा देऊन टाकली.

आतल्या खोलीत सुनेत्रा जागी झाली की एकच विचारायची, “त्याच्या सुट्टीचं काही कळलं का गं?” मी म्हणायची, “अजून नाही. मिळाली की येणारच.” ती म्हणायची, “आर्मीवाले मेले दुष्ट असतात.” बिचाऱ्या आर्मीला तिनं महिनाभर शिव्या दिल्या. आर्मीनं तर जागा दिली होती.

सहा नोव्हेंबरला सकाळी ती गेली. मग गुरुनाथरावांनी फ्रिजवरचा कागद काढला आणि रेडक्रॉसला फोन केला. पाचव्या दिवशी निमिष दारात उभा होता. एवढंच लागतं, पाच दिवस.

दहन झाल्यावर त्यानं तारखा विचारल्या. एकेक. निदान कधी झालं, बोटं कधी गेली, मेल कोण लिहीत होतं. गुरुनाथराव म्हणाले, “मी.” माझ्याकडे बघितलंही नाही. आणि मी, जिची जीभ आख्ख्या हर्नडनला माहीत आहे, ती तिथं चहाचे कप गोळा करत राहिले.

निमिष ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, “शी आस्क्ड फॉर मी?”

“रोज,” बाप म्हणाला. निदान तेवढं तरी खरं बोलला.

“आणि मी माझी सुट्टी देऊन टाकली. यू लेट मी गिव्ह इट अवे, बाबा.”

तो परत गेला. नंतर दर रविवारी त्याचा बापाला मेल यायचा. एक ओळ. ऑल वेल हिअर. गुरुनाथराव तो छापायचे, वर क्रमांक घालायचे, पाठीवर तारीख टाकायचे आणि फाइलला लावायचे. त्याच दिवसांत एझ्राची तेविसाव्यानंतरची पत्रं चालू होती. तीही तशीच. सर, मी ठीक आहे. सर, मी ठीक आहे. “यात टाइप करण्यासारखं काही नाही,” मी एकदा म्हटलं. ते म्हणाले, “सगळी टाइप कर.”

अडतिसाव्या पत्रावर मात्र ते थबकले. शब्द तेच, मी ठीक आहे, पण अक्षर दुसरं. गोल, बाईचं. “हे त्यानं लिहिलेलं नाही,” ते म्हणाले. “हॉस्पिटलातल्या कुणीतरी लिहून दिलंय. उजवा हात जायबंदी झाला असणार.” मग पाठ बघितली. बापानं नेहमीसारखी तारीख टाकली होती, बस. गुरुनाथराव चिडले. “आंधळ्यालाही दिसेल हात बदललाय ते. मग विचारलं का नाही यानं? उठून गेला का नाही?” एवढं चिडलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

एप्रिलमध्ये मला ऑफिसात फोन आला. निमिषच्या गाडीखाली रस्त्यात बॉम्ब फुटला होता. जिवाला धोका नव्हता. उजव्या हाताची दोन बोटं गेली होती, डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं, पायाचं ऑपरेशन झालं होतं. जर्मनीमार्गे त्याला वॉशिंग्टनच्या लष्करी हॉस्पिटलात आणलं होतं. आमच्या दारापासून पंचवीस मैल. नोव्हेंबरनंतर त्यानं, काही झालं तर कुणाला कळवायचं त्या आर्मीच्या फॉर्मवरून बापाचं नाव काढून माझं घातलं होतं.

मी गाडी कशी चालवली देव जाणे. तो पलंगावर उशीला टेकून बसला होता, हात हा एवढा बांधलेला. मला रडूच आवरेना. तो म्हणाला, “मावशी, बाबांना सांगायचं नाही. ही वोन्ट बी एबल टू टेक इट.”

“गधड्या, बाप आहे तो तुझा! घरी तुझ्या आईच्या फोटोपुढच्या दिव्यासमोर बसलेला असतो एकटा.”

“त्यांनी मला सांगितलं होतं?” मग बांधलेला हात जरा उचलून म्हणाला, “आता टाइप होत नाही मला. संडेचा मेल तू लिही. यू राइट सो वेल, मावशी. आईचे लिहिलेस ना?”

मी त्याच्या उशीचा अभ्रा सारखा करायला लागले.

“बाबा कार्डावर रिगार्ड्स लिहितात. ‘मी कुठं पळून जातेय’ त्यांना लिहिता येईल का?” तो रागावलेलासुद्धा नव्हता. “आय न्यू द सेम डे. कप गोळा करत होतीस तू.”

त्यानंतर नाही म्हणायला माझ्याकडे तोंड उरलं नव्हतं. रविवारी घरी बसून त्याच्या खात्यावरून मी मेल लिहिला. ऑल वेल हिअर. आणि मग माझं मेलं मन, त्या म्हाताऱ्याची कीव आली म्हणून पुढे जोडलं, इथं उकडायला लागलंय. ब्लडप्रेशरची औषधं वेळेवर घ्या.

तासाभरात बेल वाजली. गुरुनाथराव, हातात छापलेला कागद.

“कुठल्या हॉस्पिटलात आहे?”

“कोण?” मी म्हटलं.

“सुमेधा, सहा महिन्यांत त्यानं एका ओळीपुढे दुसरी ओळ लिहिली नाही. तो मला औषधं घ्या लिहील? हे तुझं आहे.” त्यांनी कागद टेबलावर ठेवला. “जिवंत आहे ना?”

मी सगळं सांगितलं. बोटं, कान, पाय, पंचवीस मैल. ते सोफ्यावर बसले. कोणत्या हाताची बोटं, ते दोनदा विचारलं. मी किल्ल्या उचलल्या. “चला. चाळीस मिनिटं लागतात.”

“नको.”

“काय नको?”

“त्याची इच्छा आहे ना मला कळू नये? मग मला कळलेलं नाही.”

मी काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. लाज काढली, सुनेत्राची शपथ घातली, एझ्राच्या बापावर तुम्ही कसे चिडला होतात त्याची आठवण दिली. शेवटी ते उठले, कागदाची घडी केली. “आणि तूही त्याला सांगू नकोस, मला कळलंय म्हणून. आधीच दुखण्यात आहे. उगाच मनाला लावून घेईल.”

पुढच्या शनिवारी त्यांनी माझ्याकडे डबा आणून दिला. शंकरपाळे. सुनेत्राच्या वहीत बघून केलेले, सगळे एका मापाचे, पट्टी लावून कापल्यासारखे, आणि खालून करपलेले. “तू केलेस म्हणून सांग,” म्हणाले. डबा त्यांच्या तोंडावर फेकून मारायचा होता मला. मी पिशवीत ठेवला.

निमिषनं डाव्या हातानं एक उचलला, उलटसुलट करून पाहिला, खाल्ला. दुसरा घेतला. “कुणी केले?”

“मी. कोण करणार?”

तो बराच वेळ चावत राहिला. मग खिडकीबाहेर पार्किंग लॉटकडे बघत म्हणाला, “बाबांना खरंच काही कळलं नाही? तुझा मेल वाचून? त्यांना तर सगळं कळतं. कुणी लिहिलंय, रडून लिहिलंय का, सगळं.”

त्याचा आवाज कसा होता ते मला आजही ऐकू येतं. सहा वर्षांचा असताना लपाछपीत आमच्या कपाटात लपायचा, आणि फार वेळ कुणी शोधायला आलं नाही की आतून असाच हाक मारायचा.

“विचारलंही नाही?” तो म्हणाला.

मी शब्द दिला होता ना, म्हाताऱ्याला. आपल्यात शब्द पाळतात.

“नाही रे,” मी म्हटलं. “मजेत आहेत. सगळं ठीक आहे.”

तो हं म्हणाला, आणि एका हातानं त्या डब्याचं झाकण लावायला लागला.